खाड्याचा हिशेब



आपला मुळशी तालुका पैलवानांचा म्हणून ओळखला जातो. तालमीची माती आणि कबड्डीचे मैदान यांची ओढ पौड परिसरातील मुलांना लहानपणापासूनच असते. पूर्वी हे स्वप्न जत्रेतल्या कुस्तीपाशी किंवा गावच्या चषकापाशी संपत असे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळ हाच पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो, हे घरोघरी दिसू लागले. आज मुलगा "मला खेळाडूच व्हायचे आहे" असे म्हणाला, की आईवडिलांना काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. म्हणून एका प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू या. खेळणाऱ्याला पैसे दिले, की आपले देणे फिटले का?

या प्रश्नाची एक जुनी गोष्ट आहे. रग्बी हा चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि समोरच्याला कवेत घेऊन खाली पाडण्याचा खेळ. अंगमेहनतीच्या आणि दुखापतीच्या बाबतीत तो आपल्या कबड्डीचा जवळचा नातेवाईक. इंग्लंडच्या उत्तर भागात खाणकामगार आणि गिरणी कामगार तो खेळत. सामन्याच्या दिवशी त्यांचा कामावर खाडा होई आणि मजुरी बुडे. बुडालेली मजुरी तरी भरून द्या, अशी त्यांच्या संघांची मागणी होती. खेळाचा कारभार पाहणाऱ्यांना मात्र पैसे घेऊन खेळणे कमीपणाचे वाटे. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तरेकडील संघांनी हडर्सफील्ड येथे जमून वेगळी चूल मांडली आणि खाड्यापोटी दिवसाला ६ शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. त्यातूनच पुढे तेरा खेळाडूंचा रग्बी लीग हा व्यावसायिक खेळ उभा राहिला.

त्या कामगारांची बाजू न्यायाची होती, हे आपल्याला सहज पटेल. पिरंगुटच्या कारखान्यात रोजावर काम करणाऱ्याला खाडा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे, तोच निव्वळ हौसेसाठी खेळू शकतो. गरिबाने मात्र फुकट खेळावे आणि आपण त्याचा खेळ पाहावा, हा धर्म नव्हे.

महाराष्ट्रात या अडचणीवर पूर्वी वेगळा उपाय होता. पोलीस, रेल्वे, बँका आणि मोठ्या कंपन्या यांचे कबड्डी संघ असत, आजही आहेत. खेळाच्या जोरावर नोकरी लागली, की गुडघा गेला तरी पगार चालू राही. पैसा थोडा, पण आयुष्यभराचा. लीगमध्ये पैसा मोठा, पण काही वर्षांचा, आणि तोही थोड्यांनाच.

चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई या चढाईपटूचे उदाहरण पाहा. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्या हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. पुढे खांद्याच्या दुखापतीने तो हंगामातून बाहेर पडला, तशी २०२२ मध्ये त्याची बोली खूप खाली आली. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला पुन्हा १ कोटीला घेतले. माणूस तोच, आईवडील तेच, गाव तेच. मग वरखाली झाले ते काय? झाला तो फक्त त्याच्या खांद्याविषयीचा अंदाज.

लिलावात बोली लागते ती खेळाची, माणसाची नव्हे. संघमालकाने खांद्याचा हिशेब करावा, तो त्याचा व्यवहार आहे. पण तोच हिशेब आपण घरी आणला, की आपणही म्हणू लागतो, "तो आता संपला." चाळीस मिनिटांचा खेळ संपतो. माणूस कसा संपेल?

यावर कोणी म्हणेल, "त्याने पैसे घेतले, धोका त्याला ठाऊक होता, आता तक्रार कसली?" हे म्हणणे अगदीच खोटे नाही. करार दोघांनी केलेला असतो. पण करार हंगामाचा असतो आणि मोडलेला गुडघा जन्माचा. ज्या रग्बी लीगने खाड्याचा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवला, तेथील अनेक निवृत्त खेळाडूंनी अलीकडे डोक्याला वारंवार बसलेल्या माराबद्दल ब्रिटनमध्ये न्यायालयाचे दार ठोठावले आहे. त्यांच्यापैकी काहींना तरुण वयातच स्मृतिभ्रंशाने गाठले. एका दिवसाचा खाडा भरून देता येतो; उरलेल्या आयुष्याचा खाडा कोण भरून देणार?

तो पुरता कोणालाच भरता येणार नाही. पण खाडा कमी व्हावा, एवढे तरी आपल्या हाती आहे. मुलाला खेळू द्यावे, आणि त्याबरोबर दुसरे काही कमावण्याची विद्या हाती राहील असेही पाहावे. दहावी-बारावी सोडून मैदान धरू देऊ नये. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली असेल, तर गावच्या अंतिम सामन्यासाठी पट्टी बांधून त्याला उतरवू नये. त्या चषकापेक्षा त्याचा घोटा मोलाचा आहे. आणि खेळ सुटलेल्याला घरी बसवून ठेवू नये. पंच, प्रशिक्षक, शाळेतील खेळाचे शिक्षक म्हणून त्याचे ज्ञान गावाच्या उपयोगी पडते.

१ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हैदराबाद येथे विजेतेपद पटकावले, तेव्हा सारा पुणे जिल्हा आनंदला. कर्णधार होता अस्लम इनामदार. पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले. विजयाच्या दिवशी त्याचे नाव घेणारे खूप होते. बाहेर बसलेल्या दिवसांत जो आठवण ठेवतो, तोच खेळाडूचा खरा चाहता. आपल्या आळीत, आपल्या नात्यात असा गुडघा धरून बसलेला एखादा जुना गडी असेलच. या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करू या.