गिरणीतली जागा कुणाची?

१८९७च्या सुरुवातीला प्लेगला भिऊन मुंबईतली जवळजवळ निम्मी माणसं पळाली. जी उरली, ती गिरण्यांजवळच्या नाक्यांवर उभी राहून मजुरीचा भाव ठरवू लागली. रोज नवा भाव, आणि तोही रोजच्या रोज रोख. ज्या गिरणीचा माणूस जास्त बोलेल, तिच्याकडे घोळका वळायचा. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर हातावर ठेवण्याची सवय असलेले मालक या लिलावाने कासावीस झाले.

मजुरांच्या ताकदीचा दाखला म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. ते खरंच आहे, पण मला त्यात एक उणीवही दिसते. नाक्यावरच्या त्या माणसांना भाव मागता आला, जागा मागता आली नाही. साथ ओसरली, गावी गेलेले परतले, आणि बाजार उठला. उद्याही आपण याच साच्यावर, म्हणजे यंत्रावर, उभे असू, असं म्हणायला कुणालाच आधार नव्हता. तो आधार पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत कसाबसा, तुकड्यातुकड्याने तयार झाला.

त्या काळात गिरणीत शिरायचं म्हणजे मुकादमाला गाठायचं. सरकारी कागदपत्रांतला जॉबर तो हाच. रत्नागिरीकडून बोटीने आलेला पोरगा गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी आणि त्यातलाच कुणीतरी त्याला आपल्या मुकादमापुढे नेऊन उभा करी. माणूस घ्यायचा, काढायचा, रजा द्यायची, यंत्र अडलं तर चालू करायचं, सगळं मुकादमाकडे. बायकांच्या खात्यात हा कारभार नाईकिणीचा. लागताना दस्तुरी द्यायची, टिकण्यासाठी मधूनमधून पुन्हा द्यायची. पहिला पगार हाती यायला सहा आठवडेही लागत. तोवर वाण्याची उधारी, पठाणाचं व्याज आणि खानावळीतलं जेवण, आणि यांतल्या बऱ्याच ठिकाणी मुकादमाची ओळख हेच तारण.

खानावळवालीपाशी जरा थांबायला हवं, कारण गिरण्यांच्या इतिहासात तिची वासलात एका ओळीत लागते. १९२१च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका पाचशेच्या थोड्याच वर होत्या. बिऱ्हाड गावाला ठेवून आलेल्या या पुरुषांना खाऊ कोण घालणार? चाळीतली एखादी बाई आपल्याच चुलीवर दहा-वीस जणांचं रांधायची आणि महिन्याच्या हिशेबाने पैसे घ्यायची. पगार लांबला की तिचे पैसे थकत, संप झाला की बुडण्याची भीती. मालकाने उशिरा पगार द्यायचा आणि त्याचा भार हिने उचलायचा, असा तो व्यवहार होता. गिरणीला तिने फुकट भांडवल पुरवलं, असं म्हटलं तर मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

मुकादमाला खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि बऱ्याच अंशी तो होताही. पण त्याची सत्ताही उसनीच होती. सकाळी भोंगा झाल्यावर खात्यात पुरेसे हात उभे करता आले नाहीत, तर त्याचीच गच्छंती. म्हणून त्याला माणसं बांधून ठेवावी लागत. आजारातून उठलेल्याला पुन्हा साचा द्यायचा, भातलावणीला गावी गेलेल्याची जागा त्याच्या भावाला चालवू द्यायची, हे सगळं त्यातलंच. जागेवरचा पहिला दावा इथे दिसतो. तो कंपनीवर नव्हता, एका माणसावर होता: मी तुझा, तर माझ्या जागेचं तू बघ. भाऊबंदकी, गाव आणि जात यांतून तो उभा राहिला आणि म्हणूनच ज्याच्या पाठीशी यातलं काही नाही, त्याच्यासाठी बंद राहिला.

हा दावा कंपनीच्या दारात पहिल्यांदा ठळकपणे आला तो बोनसच्या निमित्ताने. पहिल्या महायुद्धाच्या तेजीनंतर गिरण्यांनी काही वर्षं बोनस दिला आणि मंदी येताच बंद केला. १९२४च्या सुरुवातीला त्यावरून सगळ्या गिरण्या बंद पडल्या. सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा कसलाही हक्क पोचत नाही. संप हरला. पण वर्षानुवर्षं मिळत आलेली गोष्ट कधीतरी आपली होते की नाही, हा प्रश्न आता मुकादमाला नव्हे, कंपनीला विचारला गेला होता.

चार वर्षांनी प्रश्न थेट जागेवर आला. विणाईत दोनऐवजी तीन साचे एकाने सांभाळायचे, असा मालकांचा बेत होता, म्हणजे दर तीन माणसांतला एक घरी. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या, आणि त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पण ‘आमच्या जागा’ म्हणणाऱ्यांत सगळे नव्हते. विणाईत पगार बरा, मात्र तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, म्हणजे विटाळाची सबब तयारच. डॉ. आंबेडकरांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. मालक आणि मुकादम यांच्याविरुद्ध एक झालेल्यांना आपापसातला हा दरवाजा उघडणं मात्र जड गेलं. त्या संपाचं कौतुक करताना ही गोष्ट तळटीपेत ढकलू नये.

मुकादमाची सत्ता कमी करावी, असं कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१मध्ये सुचवलं. त्यानंतर सगळ्यात दूरगामी ठरलं ते १९३५मधलं बदली कार्ड. तोवर बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी एखाद्या दिवसाचं काम मिळेल या आशेने आलेले, रोज पहाटे दारावर गर्दी करत आणि मुकादम त्यांतून आपली माणसं उचले. बहुतेक कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत, ते यासाठीही. आता महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना कार्ड मिळू लागलं. ज्याच्याकडे कार्ड, त्यालाच आधी बोलावणं. मुकादमाच्या मर्जीच्या जागी कागद आला. गंमत अशी, की त्याच कागदाने अर्धवट नोकरीलाही अधिकृत शिक्का दिला. ज्याला आज काम आहे आणि उद्या नाही, असा माणूस वर्षानुवर्षं बदलीवालाच राहू शकत होता, आणि आता ते नियमाला धरून होतं.

पुढे १९३८ आणि १९४६चे मालक-कामगार संबंधांचे कायदे आले, स्थायी आदेश आले. काढायचं तर आरोप लेखी द्या, खुलासा ऐका. नाक्यावरच्या लिलावापासून इथवर पन्नास वर्षं लागली. कायम झालेल्याची जागा खरोखर त्याची झाली. कित्येक घरांत ती बापाकडून मुलाकडे गेली. बदलीवाला मात्र तसाच राहिला. १९८२च्या संपात पगारवाढीबरोबर बदलीवाल्यांना कायम करण्याची मागणी होती, ती पाहिली की १९३५चं कार्ड किती लांब पुरलं ते कळतं.

त्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. आता मागणी आहे ती गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांची. दावा तोच, फक्त साच्याऐवजी खोलीवर. अर्जासोबत मागतात तो पुरावा गिरणीच्या पटावर नाव असल्याचा. या हिशेबात वारसांना जागा आहे. ज्या बाईने वीस-वीस वर्षं कामगारांना उधारीवर जेवू घातलं, ती स्वतः पटावर नव्हती, त्यामुळे तिला अर्जच करता येत नाही.