डब्याची प्रीती

आजचे वाचन : १ योहान ३:१६-१८, योहान १३:१-१७



योहान आपल्या पत्रात सरळ मुद्द्यावर येतो. भाऊ गरजेत दिसतोय, आपल्याजवळ द्यायला आहे, तरी मनाचं दार लावून घेतलं, तर देवाची प्रीती आपल्यात राहणार कशी? प्रीती नुसती बोलायची नसते, ती हातांनी करायची असते.

हे वचन मी कित्येकदा स्टेटसला ठेवलंय. पण कळलं ते दीपनगरला, एका मे महिन्यात.

आमच्या इथे वीज केंद्रामुळे गावोगावची माणसं कामाला येतात. जवळच एक मुलगा पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहायचा, कंत्राटी कामावर. त्याला कावीळ झाली. ग्रुपवर बातमी आली, मी लगेच हात जोडलेले दोन इमोजी टाकले, "प्रार्थना करतोय" असं लिहिलं आणि कूलरसमोर आडवा झालो. आईने विचारलं, "प्रार्थना केलीस ना? मग उठ. हा मऊ भात नेऊन दे त्याला. सकाळपासून पोटात काही आहे का नाही, कोण जाणे."

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. मी कुरकुरतच गेलो. तो थोडंसं जेवला आणि म्हणाला, "भाऊ, जरा बसता का?" बस, एवढंच मागितलं त्याने. आठ-दहा दिवस डबा गेला. मग तो बरा होऊन गावी गेला. परत भेट नाही. चर्चला तो कधी आला नाही.

खरं सांगू? मनात आलं, "मग उपयोग काय झाला?" त्या प्रश्नाने मलाच उघडं पाडलं. म्हणजे माझ्या डब्यात भाताखाली एक गळ होता तर!

तेव्हा आपल्याच खानदेशातली एक गोष्ट आठवली. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे धरणगावात जन्मलेल्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबरेने कविता म्हटली आणि 'बालकवी' झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ख्रिस्ती होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्यांनी या पोराला जीव लावला. पुढे तो अहमदनगरला त्यांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. 'स्मृतिचित्रे' वाचा, त्यांची माया पानापानांत दिसते.

बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून त्या घराची माया आटली का? नाही. ५ मे १९१८ रोजी, इथून जवळच्या भादली स्टेशनावर रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघं सत्तावीस. भुसावळहून जळगावला जाताना भादली आलं की मला ते घर आठवतं. तिथे प्रेम होतं, अट नव्हती.

आता योहान १३ बघा. प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. यहूदाही तिथेच आहे, अजून उठून गेलेला नाही. तो काय करणार हे प्रभूला ठाऊक आहे. तरी त्याचे पाय वगळले नाहीत! दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला परतला एकच. प्रभूने बरं मात्र दहाही जणांना केलं.

प्रियांनो, याचा अर्थ साक्ष द्यायची नाही असा नाही. कोणी विचारलं तर आपल्या आशेबद्दल आनंदाने सांगावं. पण कोणाची भूक किंवा आजारपण ही आपली संधी नव्हे. तो आपला शेजारी आहे, एवढं कारण पुरे.

आज करून पाहा : "प्रार्थना करतो" असं टाइप कराल, तेव्हा फोन ठेवण्याआधी एक विचारा, "जेवलास का?" रूममेट असेल, सोसायटीचा वॉचमन असेल, डिलिव्हरीवाला दादा असेल. ज्याच्याकडून परत काही मिळणार नाही, त्याच्यापासून सुरुवात करा.

प्रार्थना : हे प्रभू, माझ्या सेवेतला छुपा हिशेब काढून टाक. यहूदाचेही पाय धुणारे तुझे हात मला दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.