थकल्यासारखी दिसतेस

डोंबिवलीहून सकाळी फास्ट पकडणाऱ्या बायकांच्या डब्यात एक वाक्य रोज कुणीतरी कुणाला तरी म्हणतेच: “काय गं, थकल्यासारखी दिसतेस?” विचारणारीच्या आवाजात काळजी असते. ऐकणारी मात्र मोबाइलचा पुढचा कॅमेरा उघडून डोळ्यांखाली बघते. खालच्या पापणीच्या कडेला निळसर-तपकिरी सावली असते, त्वचा थोडी सुरकुतलेली असते. “झोप नाही झाली,” एवढे बोलून ती मोबाइल पर्समध्ये टाकते आणि विषय तिथे संपतो. पुढे कधीतरी, नणंदेचे लग्न ठरले किंवा ऑफिसात बढतीची मुलाखत आली की, हेच वाक्य ती मानपाडा रोडवरच्या, नाहीतर ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या स्किन क्लिनिकमध्ये डॉक्टरांना सांगते. “डॉक्टर, मी थकल्यासारखी दिसते.”

“मी थकलेय” असे ती म्हणत नाही. या दोन वाक्यांमधले अंतर हाच खरा विषय आहे.

अशा तक्रारीवर गेल्या काही वर्षांत उत्तर मिळू लागले आहे ते इंजेक्शनच्या रूपाने. पूर्वी क्रीम, पील किंवा खोलगट भागात भरायचे हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर एवढेच पर्याय असत. आता ‘रिजनरेटिव्ह’ हा शब्द आला. बाहेरून काही भरण्याऐवजी त्वचेलाच नवी उभारी द्यायची, असा त्याचा दावा. त्यात सर्वांत रुळलेला उपचार म्हणजे पीआरपी. हाताच्या शिरेतून दहा-वीस मिलिलिटर रक्त काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात, तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वरच्या पिवळसर द्रवात बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, दाटीने गोळा होतात. हा द्रव बारीक सुईने किंवा बोथट टोकाच्या कॅन्युलाने डोळ्यांखाली सोडतात. जखम भरताना बिंबाणू जी वाढ-प्रथिने सोडतात, तीच इथे त्वचेतल्या पेशींना कोलॅजेन तयार करायला चेतवतील, असा त्यामागचा तर्क. साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार सिटिंग, प्रत्येकीचे काही हजार रुपये, आणि नंतर दोन-तीन दिवस सूज किंवा काळानिळा डाग.

तर्क चुकीचा नाही. शरीर स्वतःची डागडुजी कशी करते याच्या खऱ्या ज्ञानावर तो उभा आहे. प्रश्न आहे तो तर्कापासून परिणामापर्यंतच्या वाटेचा. तेहरानच्या संशोधकांनी २०१४ साली दहा जणांच्या डोळ्यांखाली एकदाच पीआरपी दिले आणि तीन महिन्यांनी उपकरणांनी मोजमाप केले. त्वचेचा रंग थोडा एकसारखा झाला. पण मेलॅनिन, त्वचेतला ओलावा आणि सुरकुत्यांचे आकारमान यांत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. त्यानंतर बरेच अभ्यास झाले, काहींचे निष्कर्ष अधिक आशादायक आहेत. पण बहुतेक लहान आहेत. रक्त किती वेगाने फिरवायचे, बिंबाणू किती पट दाट करायचे, किती सिटिंग करायच्या, हे जवळपास प्रत्येकात वेगळे. म्हणजे ठाण्यातल्या एका क्लिनिकचे पीआरपी आणि कल्याणच्या खडकपाड्यातल्या दुसऱ्याचे पीआरपी ही नावापुरतीच एक गोष्ट असू शकते. काही जणींना त्याने बरे दिसते, हे खरे. किती जणींना आणि किती काळ, याची छातीठोक हमी आज कोणी देऊ नये.

पीआरपीच्या पाठोपाठ दोन नवी नावे आली. पॉलिन्यूक्लिओटाइड, म्हणजे सॅमन किंवा ट्राउट माशाच्या शुक्रपेशींतून काढलेले डीएनएचे शुद्ध केलेले तुकडे. दक्षिण कोरियात हा उपचार चांगलाच रुजला आहे. (आपल्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात म्हणून गैरसमज नको. तो मासा वेगळा, हा वेगळा.) दुसरे नाव एक्झोसोम, पेशींनी बाहेर टाकलेल्या अतिसूक्ष्म पुड्या. एक्झोसोमबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता: मान्यता मिळालेले एकही एक्झोसोम उत्पादन नाही, आणि अशा उत्पादनांनी काही रुग्णांना गंभीर इजा झाली आहे. इन्स्टाग्रामवरच्या चकचकीत रीलमध्ये हा इशारा कुठे दिसत नाही.

डोळ्यांखालचा काळेपणा ही मुळात एक गोष्टच नाही, आणि इथेच पॅकेजची विक्री आणि वैद्यकी यांच्या वाटा फुटतात. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली दिसणारा काळेपणा कधी खरोखरच्या रंगद्रव्याचा असतो. तो आईकडून, आजीकडून आलेला असतो, किंवा ॲलर्जीमुळे वर्षानुवर्षे डोळे चोळल्याने साचलेला. कधी तो आतल्या रक्तवाहिन्यांचा निळेपणा असतो. कधी गालाचे हाड आणि पापणी यांच्यामधल्या खळगीची नुसती सावली असते, बहुतेक वेळा या सगळ्यांची सरमिसळ. जाणता डॉक्टर त्वचा बोटाने हलकेच ताणून पाहतो, समोरून प्रकाश टाकून पाहतो. ताणल्यावर निळेपणा गडद झाला तर वाहिन्यांकडे बोट जाते. समोरच्या उजेडात काळेपणा गायब झाला तर ती सावली. सावलीवर पीआरपी टोचून फारसे काही साधत नाही. ही तपासणी दोन मिनिटांची असते. ती न करता दरपत्रक पुढे सरकवणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २०१४ साली डोळ्यांखाली काळेपणा असलेल्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६३ टक्के रुग्णांच्या घरात हाच त्रास आधीपासून होता, आणि ४० टक्क्यांची झोप अपुरी होती. दहात आठ रुग्ण स्त्रिया. आणि व्यवसायाप्रमाणे पाहता सर्वांत मोठा गट होता गृहिणींचा. लोकलच्या गर्दीला सगळा दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी या शेवटच्या नोंदीपाशी थांबायला हवे.

लोकलचा वाटा आहेच. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर, कल्याणहून सुमारे ५४. जाऊन-येऊन अडीच-तीन तास, त्यातले बरेचसे उभ्याने, किंवा ‘चौथी सीट’ मिळाली तर अर्धे टेकून. पण त्या तासांच्या दोन्ही टोकांना घर आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७. पाच तास आणि दीड तास. साडेपाचचा गजर, तीन डबे, पाणी भरणे, मुलांची शाळा; रात्री परतल्यावर पुन्हा कणीक. जी ट्रेन पकडत नाही तिचाही दिवस याहून हलका नसतो.

आणि मग रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. निम्म्याहून अधिक, आणि वाढते. रक्तक्षयात चेहरा फिकट पडतो, पातळ त्वचेखालच्या वाहिन्या उठून दिसतात, डोळ्यांखालचा काळेपणा ठळक होतो. शिवाय धाप लागते, केस गळतात, पायऱ्या चढताना पाय भरून येतात. थायरॉइडच्या तक्रारीही अशाच दबा धरून बसलेल्या असतात. म्हणजे “थकल्यासारखी दिसते” असे म्हणत जी बाई खुर्चीत बसते, ती दिसण्यापुरतीच नव्हे, खरोखर थकलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

आपले दुखणे डॉक्टरपुढे न मांडण्याचे एक मूळ या गावांच्या इतिहासात सापडते. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. जन्म ३१ मार्च १८६५. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. १८८३ साली, अमेरिकेला निघण्याआधी, त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आपण का जातो हे सांगितले: हिंदुस्थानला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, कारण बायका पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे उघड करत नाहीत. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा हे सगळे तेव्हाच त्यांच्या अंगात होते. फिलाडेल्फियात १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी मिळाली; २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, क्षयाने त्यांचा अंत झाला.

आज कल्याण-डोंबिवलीत स्त्री-डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. तरी अनेक बायका थकव्यासाठी म्हणून दवाखान्यात जात नाहीत. मुलाचा ताप, सासूबाईंची साखर, नवऱ्याचे बीपी यांसाठी जातात. त्यांचा थकवा हा आजार मानायला घरातले तयार नसतात आणि बऱ्याचदा त्या स्वतःही नसतात. चेहऱ्यासाठी मात्र त्या स्वतःचा पैसा खर्चून, स्वतःची अपॉइंटमेंट घेऊन जातात. त्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट घडली आहे: सौंदर्य-क्लिनिकची खुर्ची ही कित्येक बायकांसाठी डॉक्टरपुढे आपला थकवा मांडण्याची एकमेव जागा झाली आहे. त्या तो दिसण्याच्या भाषेत मांडतात, कारण ती भाषा त्यांना परवडते. तिथल्या डॉक्टरांच्या हाती आलेली ही संधी फार मोलाची आहे, आणि पॅकेज विकून ती वाया घालवणे हे वैद्यकीय कर्तव्यात चुकणे आहे.

अशा बाईला नटवी ठरवणाऱ्यांचे म्हणणेही मान्य करता येत नाही. “वय स्वीकारावं, काकडीच्या चकत्या ठेवाव्यात” हा सल्ला देणाऱ्यांना नोकरीच्या बाजारात चेहऱ्याची किंमत किती, हे ठाऊक नसते. बँकेच्या काउंटरवर, शाळेत, कॉल सेंटरच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये चाळिशीच्या पुरुषाचा ओढलेला चेहरा अनुभवी ठरतो आणि बाईचा कंटाळलेला. आरशात बरे दिसावे ही इच्छा माणसाइतकीच जुनी आहे. तपासण्या करून, कारण समजून घेऊन, धोके माहीत असताना कोणी हा उपचार निवडत असेल तर त्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

धोके मात्र सांगायलाच हवेत. “तुमचंच रक्त आहे, त्यात कसला साइड इफेक्ट?” हे वाक्य सर्रास ऐकू येते, आणि ते अर्धेच खरे आहे. स्वतःच्या रक्ताची ॲलर्जी सहसा होत नाही. पण डोळ्याभोवतीच्या रक्तवाहिन्या दृष्टिपटलाच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असतात. सुई चुकून वाहिनीत गेली तर फिलरने, आणि क्वचित पीआरपीनेही, दृष्टी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दुसरा धोका स्वच्छतेचा. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीत एक स्पा २०१८ मध्ये बंद करण्यात आला. तिथे स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये खाण्याच्या पदार्थांशेजारी नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या. पीआरपीचे ‘व्हँपायर फेशियल’ करून घेतलेल्या ग्राहकांना तिथे एचआयव्हीची लागण झाली, आणि सौंदर्य-इंजेक्शनांतून झालेल्या लागणीचे हे पहिलेच नोंदलेले उदाहरण असल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये सांगितले. स्वच्छतेतला हलगर्जीपणा एवढे करू शकतो.

आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपणाबाबत सूचना काढताना बजावले होते की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून हे उपचार शिकता येत नाहीत. तरी ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत ‘पीआरपी ऑफर’ चालते. म्हणून विचारावे: टोचणाऱ्याचे नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत आहे का? त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण आहे का? किट आपल्यासमोर फोडले का, नळीवर आपले नाव लिहिले का? बाहेरून आलेली कुपी असेल तर तिच्यावर आयातदार, परवाना क्रमांक, मुदत छापलेली आहे का? त्या लेबलाचा फोटो काढून ठेवावा. लेबल दाखवायला नकार मिळाला तर उत्तर मिळालेच. आणि अन्न व औषध प्रशासनाने औषध-दुकानांइतकेच या क्लिनिकच्या फ्रीजकडेही लक्ष द्यायला हवे. तक्रार येईपर्यंत थांबण्यासारखा हा विषय नाही.

कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही पालिकांची रुग्णालये आहेत. हिमोग्लोबिन पाहण्यासाठी घोडबंदर रोडच्या वातानुकूलित प्रतीक्षाकक्षात जावे लागत नाही. पण ज्या बायका तिथेच जाणार आहेत, त्यांच्यासाठी तिथल्या डॉक्टरांना एक मागणे आहे. पीआरपीसाठी शीर टोचायचीच आहे. त्याच्या आठवडाभर आधी, पहिल्या भेटीतच, जांभळ्या झाकणाची एक छोटी नळी भरून प्रयोगशाळेत पाठवा, त्वचेवर काही करण्याआधी तिचा अहवाल वाचा, आणि समोरच्या बाईला विचारा: तुम्ही थकल्यासारख्या दिसता की थकला आहात?