पाचवे शील आणि आजारी माणूस



आपल्या वस्तीत असा एखादा माणूस असतो. पंचशील घेतले आहे, बावीस प्रतिज्ञाही घेतल्या आहेत, पण दारू सुटलेली नाही. आणि त्यात रक्त तपासल्यावर एच. आय. व्ही. निघाला. त्याला आपण काय सांगतो? ‘आधी दारू सोड, मग तुझ्या औषधाचे बघू.’ हे बोलणे नीतीचे वाटते. ते तसे आहे काय, हे आपण तपासून पाहू.

पाचवे शील म्हणजे हुकूम नव्हे. ते शिक्षापद आहे. मी हे शिकेन, असा स्वतःशी केलेला निश्चय आहे. म्हणून तर आपण ते प्रत्येक वंदनेला पुन्हा घेतो. मोडले म्हणून माणसाला बाहेर काढा, त्याचे औषध बंद करा, असे त्यात कोठेही नाही.

विनयातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो आमच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. भगवंतांनी पाणी घातले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवले. पुढे त्याच ठिकाणी कोणत्या रोग्याची सेवा करणे जड जाते तेही सांगितले आहे: जो अपथ्य करतो, प्रमाण ओळखत नाही, औषध घेत नाही, दुखणे खरे सांगत नाही, वेदना सोसत नाही. म्हणजे असा रोगी माहीत होता! तरीही त्याला टाकून द्या, असे म्हटलेले नाही.

‘दुखणे खरे सांगत नाही’ हे शब्द आपल्याला फार लागू पडतात. रागे भरतील या भीतीने माणूस समुपदेशकापाशी दारूचे नावच काढत नाही. ‘आज प्यालो आहे, गोळी कशी घेऊ?’ असे म्हणून त्या दिवशीची गोळी टाळतो. वास्तविक आज बहुतेकांना मिळणारी रोजची एक गोळी दारूमुळे विष होत नाही. घात होतो तो गोळ्या चुकल्याने. विषाणूला मोकळे रान मिळते. (क्षयाच्या औषधांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर दारू म्हणजे यकृताला दुहेरी मार, आणि एच. आय. व्ही. असलेल्याला क्षयाचा धोका फार.) बरे, वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, कधी जीवही जातो. म्हणून दारू सोडणे हेदेखील डॉक्टरच्या देखरेखीचे काम आहे.

१९८६ साली मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या तपासणीत देशातील पहिले एच. आय. व्ही. बाधित आढळले. त्याच साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी व्यसनमुक्तीसाठी मुक्तांगण उभे केले. एकाच वर्षीचे हे दोन आरंभ, पण पुढे दोन्ही कामे दोन वाटांनी गेली. २००४ पासून एच. आय. व्ही.ची औषधे सरकार मोफत देऊ लागले; २०१७ पासून तर निदान होताच सुरू करतात. परंतु बहुतेक ठिकाणी गोळ्यांची खिडकी एक, मनोविकाराचा डॉक्टर दुसरीकडे, क्षयाची तपासणी तिसरीकडे. पालम किंवा सोनपेठहून परभणीला येणाऱ्या मजुराची प्रत्येक खेपेला मजुरी बुडते, एस. टी.चे भाडे जाते. तो तीनदा येईल काय? एकाच फेरीत, एकाच छपराखाली हे सारे झाले पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्याला पुढच्या काही महिन्यांच्या गोळ्या बरोबर मिळाल्या पाहिजेत, किंवा कारखान्याजवळच्या केंद्रात त्याचे नाव वळवून द्यायला हवे. हे मागण्यात लाज कसली? एच. आय. व्ही.चा कायदा २०१७ चा, आणि व्यसनाच्या आजाराला उपचाराचा हक्क देणारा मानसिक आरोग्याचा कायदाही २०१७ चाच.

मुंबईत आणि मणिपुरात सुईने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज परिचारिकेसमोर जिभेखाली ठेवायला देतात. नशेच्या जागी दुसरे औषध, हे ऐकून आपल्यापैकी काहींना धक्का बसेल. पण त्याने एकमेकांची सुई वापरणे कमी होते, माणूस जगतो, आणि जगला तरच शील पुन्हा घेतो.

कोणी विचारील, मग त्याच्या बायकोने काय करावे? तिला अनेकदा हा आजार त्याच्यापासूनच झालेला असतो, आणि सेवाही तिच्याच माथी येते. त्या कथेत सेवा एकट्यावर टाकलेली नाही. ज्याला आचार्य नाही, शिष्य नाही, त्याचा भार संघावर आहे. तेव्हा खेपेला त्याच्याबरोबर विहारातील कोणी जावे. मारझोड सोसणे हा सेवेचा भाग नव्हे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिच्या बाजूने आहे. आणि जो बरोबर जाईल त्याने आजाराचे नाव विहारात वा पारावर काढू नये. त्या माणसाच्या संमतीवाचून ते उघड करण्यास २०१७ चा कायदाही मनाई करतो.