शिवणाऱ्याचे आसन

देहाला सोयीची बैठक आणि हाताला साजेसे हत्यार शोधणे हा भोग मानावा की विहित कर्माचाच भाग मानावा, हा प्रश्न भारतीय धर्मग्रंथांनी ध्यानाला बसणाऱ्या साधकाच्या बाबतीत फार बारकाईने हाताळला; दिवसभर शिवत बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो तितक्या आस्थेने क्वचितच विचारला गेला. मुंबईच्या उपनगरांत तो आता अगदी व्यावहारिक रूपात समोर येतो, कारण जमिनीवर बसून हाताने शिवायची गोधडी तिथल्या फ्लॅटमध्ये टेबलावर चढली आहे आणि ती शिवू पाहणाऱ्याला मशीन कोणते घ्यावे व त्यापुढे खुर्ची कोणती ठेवावी हे ठरवावे लागते. परंपरागत गोधडी, जिला घाटावर वाकळही म्हणतात, जुनी लुगडी, धोतरे आणि चिंध्या थरावर थर अंथरून धावदोऱ्याने, म्हणजे कापडाच्या वरखाली सरळ पळत जाणाऱ्या टाक्याने, शिवली जाते. ती ऐसपैस असल्यामुळे शिवणारी बाई तिच्यावरच बसते, टाके पुढे जातील तशी स्वतःही सरकते, आणि त्यामुळे काम आणि आसन या दोन वस्तू तिथे वेगळ्या नसतातच. मशीनने त्या वेगळ्या केल्या, आणि मग बैठकीचा विचार स्वतंत्रपणे करणे भाग पडले.

या विचाराच्या सविस्तर नोंदी ज्या परंपरेत सापडतात तिच्या खुणा बोरिवलीच्याच डोंगरात आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी असून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून पुढे कित्येक शतके तिथे बौद्ध भिक्खूंचा राबता होता. तिथल्या शिलालेखांत अक्षयनीवीचे, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याजातून खर्च भागवायच्या कायम ठेवीचे, उल्लेख येतात, आणि त्यांतल्या काही लेखांत वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या भिक्खूच्या चीवरासाठी १६ कार्षापणांची तरतूद आहे. चीवर म्हणजे भिक्खूचे वस्त्र. ते तुकडे जोडून शिवायचे असते आणि त्याची आखणी मगधातल्या बांध घातलेल्या भातखाचरांसारखी करावी असे बुद्धाने आनंदाला सुचवल्याची कथा विनयपिटकात, म्हणजे संघाच्या आचारनियमांच्या संग्रहात, आहे. त्याच संग्रहात संघाटी, म्हणजे वरून घ्यायचे जाड वस्त्र, नव्या कापडाची असेल तर दुपदरी आणि वापरलेल्या कापडाची असेल तर चौपदरी करण्याची मुभा दिलेली आहे; जुने कापड विरते, त्यामुळे थर वाढवल्याशिवाय ते ऊब देत नाही, हे ज्या घरात गोधडी शिवली जाते तिथे कोणालाही सांगावे लागत नाही.

चीवर शिवणाऱ्यांच्या ज्या तक्रारी विनयपिटकाच्या चुल्लवग्ग या भागात नोंदवल्या आहेत, त्या आजही एखाद्या शिवणवर्गात सहज ऐकू याव्यात. सुया गंजतात, म्हणून त्या ठेवायला नळी आणि नळीत पीठ किंवा पूड भरण्याची परवानगी मिळते. बोटाला सुई टोचते, म्हणून अंगुस्तान मिळते. कापड चोळामोळा होऊन टाके वाकडे जातात, म्हणून 'कठिन' नावाची लाकडी चौकट मिळते, जिच्यावर कापड दोऱ्यांनी ताणून बांधता येते. उघड्यावर शिवताना ऊन-थंडीचा त्रास होतो, म्हणून त्या चौकटीसाठी शाळा, म्हणजे स्वतंत्र दालन, बांधू दिले जाते. प्रत्येक वेळी आधी देहाची किंवा कामाची अडचण पुढे येते आणि मग नियम सैल होतो. मात्र काही भिक्खू सोन्यारुप्याची अंगुस्ताने वापरू लागतात तेव्हा ती नाकारली जातात. हस्तिदंताच्या सुईघरांचे प्रकरण त्याहून उद्बोधक आहे: एका दंतकाराने भिक्खूंना सुईघरे देऊ केली आणि त्यांनी ती इतकी मागितली की त्याला विकण्यासाठी दुसरा माल घडवायला वेळ उरेना व त्याच्या बायकामुलांचे हाल होऊ लागले, तेव्हा हाड, दात किंवा शिंग यांचे सुईघर करवून घेणे हा दोष ठरला आणि असे सुईघर फोडून टाकावे असा नियम झाला. वस्तू सुखाची आहे की नाही यावर हा निकाल लागलेला नाही. ती घडवणाऱ्याच्या पोटावर तिचा भार किती पडतो, हे पाहून तो लागला आहे.

बैठकीच्या बाबतीत विनयाचा सूर अधिक कडक वाटतो, पण तो एकसुरी नाही. नव्या पलंगाचे किंवा बाकाचे पाय सुगताच्या, म्हणजे बुद्धाच्या, बोटांच्या मापाने आठ बोटांहून उंच असू नयेत आणि कापूस भरलेली बैठक उसवून टाकावी, असे नियम आहेत. उलट लोकर, चिंध्या, साल, गवत आणि पाने यांनी भरलेल्या गाद्या चालतात, म्हणजे गोधडीला तिथे मज्जाव नाही. तिन्ही बाजूंना टेकण असलेल्या आसनालाही मान्यता आहे. निसीदन, म्हणजे बसण्यासाठी अंथरायचे फडके, किती लांबरुंद असावे हे ठरलेले होते. परंतु उदायी नावाचा भिक्खू देहाने थोराड असल्यामुळे त्यावर मावेना, तो ते चारी बाजूंनी ओढून ओढून बसू लागला, आणि बुद्धाने कारण विचारून मापात वीतभर किनारीची भर घातली. ही सूट उदायीपुरती दिलेली नव्हती, नियमच दुरुस्त झाला, आणि धर्मशास्त्राच्या इतिहासात आसनाचे माप देहाला विचारून बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

वैदिक परंपरेतही आसनाची उंची हा गंभीर विषय आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचे आसन फार उंच नसावे, फार सखलही नसावे, आणि दर्भ, मृगाजिन व वस्त्र असे थर देऊन ते रचावे, असे सांगितले आहे. तेही एका अर्थी थरांचेच काम. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये पूर्ण केलेल्या टीकेत या श्लोकाचा विस्तार करताना त्यामागचे कारण दिले: आसन उंच झाले तर अंग डोलते आणि सखल झाले तर जमिनीचा दोष लागतो. इथे शुचिता आणि समतोल हे दोन्ही विचार एकत्र आहेत, आणि दुसरा विचार निखळ शारीरिक आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाची व्याख्या स्थैर्य आणि सुख या दोनच गुणांनी केलेली असून त्यावरील व्यासभाष्यात आसनांच्या यादीत 'सोपाश्रय', म्हणजे आधार घेऊन बसण्याचा प्रकार, स्पष्टपणे मोजलेला आहे. टेकून बसणे म्हणजे साधनेत उणेपणा, ही समजूत भाष्यकाराची नव्हे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला सुरू केलेल्या आणि पुढे सांताक्रूझला स्थिरावलेल्या 'द योग इन्स्टिट्यूट'ने योग संन्याशाच्या गुहेतून गृहस्थाच्या घरात आणला, तेव्हा याच व्याख्येला नवे वाचक लाभले.

तरीही या साऱ्या ग्रंथांतले आसन हे हालचाल थांबवण्यासाठी आहे. शिवणाऱ्याचे आसन हालचाल चालू राहावी म्हणून असते, आणि तिथे ग्रंथांचा आधार संपून हातपायांचे शास्त्र सुरू होते. जुन्या पायमशीनमध्ये मशीनचा तळ लाकडी फळीत बसवलेला असल्याने कापड आणि हात एका पातळीत राहतात. तेच मशीन सुटे घेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवले की टेबलाच्या २९-३० इंचांवर मशीनच्या तळाची आणखी काही इंच उंची चढते, खांदे वर उचलले जातात आणि तासाभरात मान भरून येते. त्यामुळे खुर्चीची उंची कमीजास्त करता आली पाहिजे, कोपर मशीनच्या तळाच्या पातळीत आले पाहिजे, तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, पाठीच्या खालच्या भागाला टेकण हवे आणि हात अडतील असे दांडे नकोत. मशीनच्या बाबतीत गोधडीसाठी महत्त्वाची असते ती सुई आणि उजवीकडचा खांब यांमधली मोकळी जागा, कारण गुंडाळलेली अर्धी गोधडी तिथूनच न्यावी लागते. घरगुती मशीनमध्ये ही जागा बहुधा ६-७ इंच असते आणि डबल बेडची गोधडी तिथे कोंबताना सारा भार मनगटांवर येतो. वरचा आणि खालचा थर एकदमच पुढे सरकवणारा पाय मिळत असेल तर कापडाला चुण्या पडत नाहीत, म्हणजे 'कठिन' चौकटीचे काम इथे तो करतो. टाक्यांच्या शेकडो नक्ष्या देणारे महागडे मशीन मात्र गोधडीला फारसे लागत नाही, कारण तिचा बहुतेक जीव सरळ टिपेतच असतो. सोन्याच्या अंगुस्तानाचा नियम इथे उगाच आठवत नाही.

यंत्राविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही शिलाई मशीनला अपवाद मानले. १९२४ च्या उन्हाळ्यात शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीसाठी ते अंधेरीजवळच्या जुहूला राहिले होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'यंग इंडिया'त छापलेल्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याशी झालेल्या संवादात, सिंगरने पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी हे यंत्र घडवले, असे त्यांनी म्हटले. इतिहास याला दुजोरा देत नाही: बॉस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला येणारी सदोष यंत्रे पाहून सिंगरने सुधारणा केली, १८५१ मध्ये पेटंट घेतले, आणि त्याला पैशाची ओढ होती हे त्याने लपवले नाही. आख्यायिका खोटी ठरली तरी त्या संवादातला पुढचा मुद्दा पडत नाही. अशी यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांचे काय, असे विचारले असता ते सरकारी मालकीचे असावेत आणि तिथे कामगारांना उत्तम परिस्थितीत काम करता यावे, असे त्यांचे उत्तर होते. दंतकाराच्या प्रकरणातला निकष इथे पुन्हा लागू झाला आहे, फक्त सुईघराऐवजी यंत्राला.

लोकधर्मात मात्र हत्याराला जो मान मिळाला तो बैठकीला मिळाला नाही. खंडेनवमीला आणि दसऱ्याला शिलाई मशीनला हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. मशीनपुढच्या स्टुलावर कोणी फूल वाहत नाही. शिंपी कुळातल्या संत नामदेवांच्या गुरू ग्रंथ साहिबातल्या एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही सारी साधने भक्तीची रूपके होऊन येतात, पण शिवणारा कशावर बसला आहे याला तिथे जागा नाही. ही उणीव काव्याची नसून समाजाच्या नजरेची आहे: साधकाच्या आसनासाठी अध्यायच्या अध्याय लिहिणाऱ्या संस्कृतीने कारागिराची बैठक त्याच्या सोसण्यावर सोडून दिली. साकीनाका-जरीमरीच्या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांत पाठ नसलेल्या स्टुलावर दिवस काढणारा कारागीर आणि मुलुंडच्या घरात हौसेने खुर्चीची उंची जुळवणारी गृहिणी यांची पाठ एकाच घडणीची असते. हौशी शिवणाऱ्या अनेकजणी वरचा तुकड्यांचा पदर घरी जोडतात आणि तिन्ही थर एकत्र शिवण्याचे जड काम बाहेरच्या शिलाईवाल्याला देतात. तिथे खुर्चीचा प्रश्न त्या शिलाईवाल्याच्या दुकानापर्यंत जातो, आणि गिऱ्हाईक तो शिलाईचा दर ठरवतानाच विचारू शकते.