एका बटणावर दोन जादूगार

इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्यालगत एकाच शेतकऱ्याच्या दोन मोटारी असणं नवं नाही. एक काठावर असते. ती पाणी उचलून लांबच्या पाइपलाइनीतून विहिरीत किंवा शेततळ्यात आणून टाकते. दुसरी तिथून उसाच्या नाहीतर डाळिंबाच्या ठिबकला पाणी देते. थ्री फेज लाईट पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीच्या पाळीत काठापर्यंत जायचं म्हणजे साप आणि आता बिबट्याही. मोटारी दोन आणि माणूस एक, म्हणून आधी लाईट आली की मोटार आपोआप उठवणारा ऑटो आला आणि मग मोबाइल स्टार्टर. घरातून फोन लावला की मोटार सुरू.

हीच अडचण ऑनलाइन खेळांत काही जण हौसेने ओढवून घेतात. 2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एकच माणूस दोन खाती उघडतो, दोन खिडक्यांत दोन पात्रं चालवतो. त्यासाठी तलवारवाल्यांपेक्षा दोन जादूगार सोयीचे पडतात. तलवारवाल्याला शत्रूच्या अंगाशी जावं लागतं, शत्रू हलला की मागे पळावं लागतं. जादूगार लांब उभा राहून मंत्र टाकतो. त्याला फक्त कोणावर टाकायचा हे कळलं की पुरे. म्हणून दुसऱ्या जादूगाराच्या मॅक्रोत, म्हणजे एका बटणावर आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांत, पहिली ओळ असते ‘असिस्ट’ची: पहिल्याने जो शत्रू निवडलाय तोच तूही निवड. दुसऱ्या ओळीत मंत्राचं नाव. समोर शत्रू असेल तर आग आणि आपला माणूस असेल तर उपचार, एवढी अटसुद्धा त्यात घालता येते.

मला या खेळात सगळ्यांत विचार करायला लावतं ते मॅक्रोला घातलेलं कुंपण. मॅक्रो 255 अक्षरांच्या आत बसवायचा. वेळ खाणारा मंत्र एका दाबाला एकच सुटतो, पुढच्यासाठी पुन्हा बोट उचलायचं. आणि मॅक्रोला जोडीदाराची तब्येत किती उरली हे विचारता येत नाही. पूर्वी असं नव्हतं. ‘डिकर्सिव्ह’ नावाचं एक जोडसाधन होतं. गटात कोणाला शाप लागलाय, आधी कोणाचा काढायचा, हे तेच शोधायचं. खेळाडूने नुसतं बटण दाबत राहायचं. डिसेंबर 2006 मधल्या बदलात खेळाने ही वाट बंद केली. हाताचे कष्ट वाचवा, पण कोणाला वाचवायचं हे तुम्हीच बघा, असा तो निवाडा होता. मला तो पूर्ण पटतो. खेळात अडचण हाच ऐवज असतो. ती काढून घेतली तर पडद्यावर हालचाल उरते, खेळणारा उरत नाही.

मॅक्रो म्हणजे आधी, शांतपणे घेऊन ठेवलेला निर्णय. गर्दीच्या क्षणी तो हाताशी असतो हे त्याचं बळ, आणि तो त्या क्षणाचा नसतो हे त्याचं उणेपण. मंत्रांची ओळ लावून देता येते, एका दाबाला पहिला, पुढच्याला दुसरा. पण ओळीतला एक मंत्र काही कारणाने सुटलाच नाही तर ओळ तिथेच अडते. तुम्ही बटण दाबत राहता आणि दुसरा जादूगार नुसता उभा राहतो. उजनीकाठी याचं रूप उलटं आणि महागडं आहे. काठावरची मोटार फेज गेल्याने बंद पडली, विहिरीवरची मात्र चालू राहिली, तर विहीर उपसून ती कोरडी फिरते आणि जळते. दोन्ही ठिकाणी आज्ञा बरोबरच होती. मधे काय बिघडलं हे तिला कळलं नाही, एवढंच.

नोव्हेंबर 2020 मध्ये त्याच खेळाच्या कंपनीने आणखी एक रेघ ओढली. एक दाब एकाच वेळी अनेक खात्यांना पोचवणारी बाहेरची साधनं बंद केली. दोन खाती चालवायला हरकत नव्हती, फक्त दोन्हीकडे हात स्वतःचा पाहिजे. अशा साधनांच्या आडून यंत्रानेच खेळवण्याचे प्रकार वाढले आणि त्याची झळ खेळाला बसते, असं कारण दिलं गेलं. दोनच जादूगार हौसेने चालवणाऱ्याला यात अन्याय वाटला असेल. पण दहा-वीस पात्रं एका बोटावर नाचवणाराही त्याच जगात वावरतो, आणि ते जग इतरांचंही असतं.

इथे बारामती-इंदापूरचा डीपी, म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, आठवल्याशिवाय राहत नाही. मोटार उठताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. 63 केव्हीएच्या डीपीवर 5 एचपीच्या दहा मोटारी चालू असताना कशाबशा मावतात. लाईट येते, सगळ्यांचे ऑटो एकाच क्षणी जागे होतात आणि दहाही मोटारी एकदम उठायला बघतात. व्होल्टेज कोसळतं, मोटारी वेग घेत नाहीत, म्हणून आणखी ओढत राहतात. फ्यूज उडाला तर नशीब. डीपी जळाला तर नवा येईपर्यंत सगळ्यांचंच पीक वाळतं, ऑटो न लावलेल्याचंही. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. यात कोणाचाच वैयक्तिक निर्णय चुकीचा नसतो. सगळ्यांचा तोच निर्णय त्याच क्षणी अंमलात येतो, तिथे घात होतो.

तरीही खेळाचा नियम शेतीला जसाच्या तसा लावायला माझी तयारी नाही. रात्री अंधारात काठापर्यंत चालत जाण्यात जपण्यासारखं काही नाही. ते कष्ट जेवढ्या लवकर जातील तेवढं बरं. मॅक्रोला डोळे नकोत हे खेळात बरोबर, शेतात ते हवेतच. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग झाला, तो नेमका डोळे देण्याचाच आहे. जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाची चित्रं, आणि त्यावरून शेतकऱ्याच्या फोनवर सूचना. तब्येत विचारू न शकणारा मॅक्रो आणि ओलावा विचारणारी ही यंत्रणा यांत मी दुसरीच्या बाजूने उभा आहे, कारण इथे हरलं तर डाव पुन्हा मांडता येत नाही.

पण हे डोळेही एका शेताचे आहेत. ओलावा माझ्या सरीतला मोजला जातो, शेजाऱ्याची मोटार आत्ता उठते आहे का हे त्यात कुठे येत नाही. त्यासाठी फार मोठं तंत्रही लागत नाही. लाईट आल्यावर किती वेळाने मोटार उठवायची ते ठरवणारा टायमर स्टार्टरला बसवता येतो. एका डीपीवरच्या दहा जणांनी मिळून पहिल्याला एक मिनिट, दुसऱ्याला दोन, असे आकडे वाटून घेतले तर ऑटो काढायची गरज उरणार नाही. हे आकडे महावितरण ठरवून देऊ शकत नाही, कारण कोणाची मोटार किती एचपीची, कोणाची आधी उठायला हवी, कोणाची विहीर लवकर आटते हे त्या दहा जणांनाच माहीत असतं. त्यासाठी संध्याकाळी त्यांनी एकदा एकत्र बसायला हवं.