खांद्यावरचे ओझे कधी उतरवावे?



१ मे रोजी आपण कामकरी संत योसेफ यांचा सण साजरा करतो. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. त्या दिवशी मिस्साच्या वेळी आम्ही सुतार, गवंडी, प्लंबर, वेल्डर आपापली हत्यारे वेदीपुढे ठेवतो. फादर त्यांवर आशीर्वाद देतात आणि दुसऱ्या दिवशी तीच हत्यारे पिशवीत घालून आम्ही कामावर निघतो. हत्यारे हाती कशी धरावीत हे आम्हांला आमच्या वडिलांनी किंवा उस्तादाने शिकवले. पण ती खाली कधी ठेवावीत, हे कोणी शिकवले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

कचेरीत काम करणाऱ्याची निवृत्तीची तारीख कागदावर ठरलेली असते. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते, फंडाचा चेक हाती पडतो. आम्हां रोजावर काम करणाऱ्यांची तारीख कुठेच लिहिलेली नसते. एक दिवस ती आमचा गुडघा ठरवतो, कंबर ठरवते, नाहीतर डोळा ठरवतो.

आमच्यातील एका सुतारमिस्त्रीच्या बाबतीत ती गुडघ्याने ठरवली. वय ६३. दोन वर्षांपासून उजवा गुडघा मध्येच दगा देत होता. घरी सांगितले नव्हते. सांगितले असते तर बायकोने कामावर जाऊ दिले नसते. एका घराच्या माळ्याचे काम चालू होते. मिस्त्री शिडीवर, हाताखालचा १९ वर्षांचा मुलगा शिडी धरून खाली उभा. गुडघा वाकला आणि मिस्त्री हातातल्या फळीसकट त्या मुलावर पडला. मिस्त्रीला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मुलाचा हात मनगटाजवळ मोडला. संध्याकाळी मिस्त्री त्याच्या घरी गेला तेव्हा मुलाची आई म्हणाली, “मिस्त्रीकाका, तुमच्या पायाला काही लागलं नाही ना?” तिने चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते, असे मिस्त्री आजही म्हणतो.

‘माझे शरीर आहे, झेपेल तोवर राबेन, त्यात कोणाचे काय गेले?’ असे आपण सर्वच म्हणत आलो. त्या दिवशी आम्हांला या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आपले न थांबणे ही आपल्या एकट्याची गोष्ट नसते. शिडीखाली कोणीतरी उभे असते.

मग आपण थांबत का नाही? पहिले कारण पैसा, आणि ते खोटे नाही. पण प्रामाणिकपणे मनात डोकावले तर दुसरे एक कारण सापडते. पहाटे उठून पिशवी उचलणारा माणूस हीच आपली ओळख झालेली असते. ‘मिस्त्री’ ही हाक बंद झाली तर मागे उरते कोण? घरात बसून खाणारे एक तोंड? या भीतीपोटी आपण दुखणे लपवतो आणि त्याला कष्टाळूपणा असे चांगले नाव देतो.

काही जण यासाठी संत पौलाचा आधार घेतात: जो काम करीत नाही त्याने खाऊ नये. पण थेस्सलनीकाकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्रातील ते वचन नीट वाचावे. ज्याला काम करण्याची इच्छा नाही, त्याच्याविषयी पौल बोलतो. ज्याची ताकद सरली, त्याच्याविषयी नाही. पौल स्वतः तंबू शिवण्याचा धंदा करणारा होता. थकलेला हात आणि आळशी हात यांतला फरक त्याला कळत होता.

याहून स्पष्ट मार्गदर्शन गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. लेव्यांचे काम अंगमेहनतीचे होते. दर मुक्कामाला निवासमंडप सोडायचा, फळ्या, खांब, पडदे न्यायचे आणि पुन्हा उभारायचे. परमेश्वराने मोशेला सांगितले की, पन्नाशीनंतर लेव्याने हे सेवेचे काम थांबवावे. मात्र त्याला घरी पाठवून दिलेले नाही. त्याने आपल्या भावांबरोबर राहून राखणीच्या कामात त्यांना साहाय्य करावे, असेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे खांद्यावरचे ओझे उतरले, पण पहाऱ्यावरची जागा गेली नाही. आम्हांला वाटते, कष्टकऱ्याच्या निवृत्तीचा याहून चांगला आराखडा दुसरा नसेल.

हा आराखडा आपल्या धंद्यात कसा उतरवावा? आमचा अनुभव असा की एका दिवसात थांबू नये. पाच वर्षे आधीपासून एक-एक पायरी उतरावी. प्रथम उंचीवरची कामे सोडावीत, मग जड उचलण्याची. गिऱ्हाइकाकडे जाताना हाताखालच्या मुलाला बरोबर न्यावे आणि त्याच्या देखत सांगावे, “यापुढे हा येईल, याचे काम म्हणजे माझेच काम.” हे बोलताना जीभ जड होते, पण एवढे एक वाक्य त्या मुलाला उभे करते. आपल्याकडे माप घेणे, लाकूड पारखणे, अंदाजपत्रक काढणे, रंध्याला धार लावणे आणि शिकवणे राहू द्यावे. फळीला हात लावताच ती ओली आहे की सुकलेली हे ओळखणारा माणूस कोपऱ्यात बसण्यासाठी नसतो.

दुसरी गोष्ट पैशाची. ती बायकोपासून लपवू नये. घरखर्च किती, औषधांचा किती, देणे किती, ठेव किती, नॉमिनी कोण, हे दोघांनी बसून एका वहीत लिहावे. वाडीचा तुकडा विकून म्हातारपण काढू, हा हिशेब अनेक घरांत चुकला आहे. विकलेली जमीन एकदाच पैसे देते. तरुण कारागिरांनी तर आजच जागे व्हावे. २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वर्षे वयात सहभागी होता येते. आयकर भरणाऱ्यांना मात्र ऑक्टोबर २०२२ पासून त्यात नव्याने प्रवेश नाही. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये मिळावेत म्हणून १८ व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात. ४० व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला १,४५४ रुपये. पुढील महागाईत एवढ्या पेन्शनवर घर चालणार नाही, हे खरे. पण औषधासाठी मुलापुढे हात पसरण्याची वेळ तेवढी टळेल. आपण हाताखालच्या मुलाला रंधा धरायला शिकवतो. त्याचे बँकेत खाते उघडून देणे हाही त्या शिकवणीचाच भाग मानावा.

आता थोडे आपणां सर्वांविषयी, कारण आपण कामगार असतो तसे मालकही असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्रक लिहिले, त्यात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हे ठासून सांगितले. कामगाराला विश्रांतीचा, म्हातारपणी पेन्शनचा आणि विम्याचा हक्क आहे, असेही त्यात म्हटले आहे. हे कारखानदारांसाठी आहे असे समजून आपण मोकळे होतो. पण गच्चीवरच्या टाकीसाठी आपण सत्तरीच्या प्लंबरला बोलावतो, कारण तो जुना आहे, विश्वासू आहे आणि खरे सांगायचे तर कमी पैसे घेतो. वीस वर्षे ज्याने आपल्या घराचे नळ सांभाळले, त्याच्या म्हातारपणाशी आपला काहीच संबंध नाही काय? निदान त्याला वर चढवू नये. त्याने पाठविलेल्या मुलावर विश्वास ठेवावा. आणि मजुरी देताना घासाघीस करू नये. त्या मजुरीतूनच त्याला म्हातारपणासाठी बाजूला काढायचे असते.

घरच्या मुलांनाही एक विनंती. “बाबा, आता घरी बसा,” हे प्रेमाने म्हटले तरी बाबांना ते हाकलल्यासारखे लागते. त्याऐवजी “बाबा, हे दार खाली का घासतंय, जरा बघता का?” असे विचारून पाहावे.

त्या मुलाचा हात दीड महिन्याने बरा झाला. आज तो शिडीवर असतो आणि मिस्त्री खाली शिडी धरून उभा असतो. वर काही चुकले की खालून आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, एवढे नीट काम आपण वर असतानाही केले नव्हते.

पुढच्या १ मे रोजी आम्ही पुन्हा हत्यारे घेऊन वेदीपुढे येऊ. ज्यांनी हत्यारे खाली ठेवली आहेत, त्यांनी त्या दिवशी मागच्या बाकावर बसून राहू नये. त्यांनीही पुढे यावे, रिकाम्या हातांनी. आयुष्यभर दुसऱ्यांची घरे उभी करणाऱ्या त्या हातांवरही आशीर्वाद मागू या.